घोट्यावरचा नॉर्मल आकडा आणि न भरणारी जखम: मधुमेही पायाचा रक्तपुरवठा आणि जखमेची तीव्रता कशी तपासायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. ६१ वर्षांचे गृहस्थ, १८ वर्षांचा मधुमेह. उजव्या पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या मुळाशी तळव्याच्या बाजूने जखम, सात आठवडे झाले. दुखत नाही, पाऊल हाताला गरम लागतं, चालताना पोटऱ्या भरून येत नाहीत. घोट्याचा दाब भागिले दंडाचा दाब, म्हणजे एबीआय, उजवीकडे १.१८ आणि डावीकडे १.४५. डावीकडचा आकडा कफ नीट न बसल्यामुळे आला असेल असं समजून सोडून दिला. जखम वॅगनर ग्रेड २ (जखमेच्या खोलीवरून दिलेली श्रेणी) धरली, ड्रेसिंग आणि अँटिबायोटिक चालू आहे. रक्तपुरवठा चांगला आहे असं धरून हेच चालू ठेवायचं का, आणि जखमेची तीव्रता नेमकी ठरवायची कशी?

आधी पहिल्या भागाचं उत्तर देतो, कारण त्यात वेळ घालवून चालणार नाही. रक्तपुरवठा चांगला आहे असं धरू नका. तुम्ही सोडून दिलेला डावीकडचा १.४५ हाच तुमच्याकडचा सगळ्यात बोलका आकडा आहे.

मधुमेह जुना झाला, त्यात मूत्रपिंडाचा त्रास किंवा न्यूरोपॅथी, म्हणजे मज्जातंतूंची इजा, असली, की पोटरीतल्या आणि घोट्याजवळच्या धमन्यांच्या मधल्या थरात कॅल्शियम साचतं. धमनी पाइपसारखी ताठ होते. घोट्यावर कफ फुगवला तरी ती दबत नाही, त्यामुळे आतल्या रक्ताचा दाब आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. १.३ किंवा १.४ च्या पुढचा एबीआय म्हणजे तब्येतीचा दाखला नव्हे. धमनी दाबली जात नाही एवढंच तो सांगतो. हे कॅल्शियम दोन्ही पायांत साचतं. मग उजवा पाय १.१८ का दाखवतो? बहुधा तिथे धमनी ताठही आहे आणि अरुंदही आहे. ताठपणा आकडा वर ढकलतो, अरुंदपणा खाली ओढतो, आणि दोन्ही मिळून तो नेमका नॉर्मलच्या पट्ट्यात येऊन बसतो. खूप वर आलेला आकडा निदान शंका तरी घ्यायला लावतो. मधला आकडा शंका येऊच देत नाही, म्हणून मला त्याची जास्त धास्ती वाटते.

हे मी एका रुग्णाकडून शिकलो. सुरुवातीच्या वर्षांत एका बाईंच्या पायाचं दुसरं बोट काळं पडलं होतं. एबीआय १.१ आला. मी समाधानाने केसपेपरवर लिहिलं, ‘रक्तपुरवठा पुरेसा’, आणि बोट काढलं. दहा दिवसांत टाक्यांच्या कडा काळ्या पडल्या. मग पुढचं अर्धं पाऊल काढलं, तेही भरलं नाही. अखेर गुडघ्याखालून पाय गेला. नंतर अँजिओग्राफीची चित्रं पाहिली तेव्हा पोटरीतल्या तीनपैकी दोन धमन्या पूर्ण बंद होत्या आणि तिसरी घोट्याच्या वरच संपली होती. पहिल्या दिवशी पायाच्या अंगठ्यावरचा दाब मोजला असता तर त्या बाईंना आधी रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे पाठवलं असतं. तेव्हापासून मधुमेही पायाला जखम असेल तर घोट्याच्या आकड्यावर एकट्याने मी कुठलाही निर्णय घेत नाही.

आता तपासणीकडे क्रमाने येऊ.

चालताना पोटरी दुखत नाही म्हणजे धमन्या मोकळ्या, हा निष्कर्ष मधुमेहात टिकत नाही. एक तर न्यूरोपॅथीमुळे दुखणंच कळत नाही. दुसरं, जखम, अंधुक दृष्टी, गुडघे यांमुळे ही माणसं मुळात फार चालतच नाहीत. त्यामुळे मी वेगळं विचारतो: रात्री पाय पलंगाखाली सोडून झोपावं लागतं का? खुर्चीत बसून झोप बरी लागते का? पाय खाली सोडला की बरं वाटतं, हे ‘हो’ फार महत्त्वाचं असतं. हा प्रश्न घरच्यांनाही विचारावा. रुग्णाला ती सवय झालेली असते, त्याला ते सांगण्यासारखं वाटत नाही. तंबाखू, छातीत दुखणं, पूर्वीचा पक्षाघात, डायलिसिस, आधी काढलेलं एखादं बोट, हे सगळं त्याच ओघात विचारून घ्यावं.

मग पाय नुसता पाहावा, दोन्ही गुडघ्यापर्यंत उघडे करून, बोटांच्या बेचक्यांसकट. चकाकणारी पातळ कातडी, केस गेलेले, जाड ठिसूळ नखं या खुणा पुस्तकात मोठ्या दिसतात, पण नुसत्या वयामुळेही येतात. मी त्यांना थोडंच वजन देतो. जास्त सांगतो तो पाय वर-खाली करण्याचा प्रयोग. रुग्ण आडवा असताना दोन्ही पाय साधारण ४५ अंशांत उचलून मिनिटभर धरा. रक्त कमी असलेला तळवा पांढराफटक पडतो. मग त्याला बसवून पाय खाली सोडायला सांगा. रंग परत यायला २० ते २५ सेकंदांहून जास्त लागले आणि नंतर पाऊल जांभळट लाल झालं, तर धमनीचा आजार पुढे गेलेला आहे. ही लाली पाहून इन्फेक्शन समजणं ही मी वारंवार पाहिलेली चूक आहे. दोन्हींत फरक करायला काही लागत नाही. पाय वर उचला. सेल्युलायटिसची, म्हणजे कातडीच्या इन्फेक्शनची, लाली तशीच राहते, रक्त कमी असल्याची लाली उतरून जाते.

पाऊल गरम आहे, या मुद्द्यावर तुमच्यासारखे अनेक जण निश्चिंत होतात. रक्तवाहिन्यांवर ताबा ठेवणाऱ्या स्वायत्त मज्जातंतूंनाही मधुमेह लागतो. मग लहान धमन्यांतलं रक्त केशवाहिन्यांना वळसा घालून थेट शिरांमध्ये जातं. कातडी उबदार राहते आणि पेशी मात्र उपाशी राहतात. शिवाय इन्फेक्शन किंवा शार्को पाऊल (न्यूरोपॅथीमुळे हाडं-सांधे ढासळलेलं पाऊल) असेल तरी गरमपणा येतो. दोन पावलांत २ अंश सेल्सिअसहून जास्त फरक असेल तर त्याचं कारण शोधायलाच हवं, पण गरम पाऊल म्हणजे चांगलं रक्त असं समीकरण मांडू नये. नखावर दाबून रंग किती सेकंदांत परत येतो हे पाहण्याची पद्धतही अशीच फसवी आहे. मी ती निर्णयासाठी वापरत नाही.

नाडी दोन ठिकाणी पाहायची. पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठा वर उचलायला लावला की उभी राहणारी शीर म्हणजे स्नायूची दोरी, तिच्या बाहेरच्या अंगाला एक. आतल्या घोट्याच्या मागे आणि किंचित खाली दुसरी. पावलावरची नाडी काही निरोगी माणसांतही जन्मतः लागत नाही, म्हणून घोट्यामागची शोधल्याशिवाय थांबू नये. सूज असेल तर बोटाने हळूहळू दाबून सूज बाजूला सरकवावी आणि मग चाचपावं. स्वतःच्या बोटातली नाडी लागते आहे अशी शंका आली तर दुसऱ्या हाताने रुग्णाच्या मनगटाची नाडी धरून ठोके जुळतात का पाहावं. आणि नाडी लागली तरी जखम असलेल्या मधुमेही पायात धमनीचा आजार नाही असं म्हणता येत नाही. दोन्ही ठिकाणी नाडी लागत नाही ही बातमी पक्की असते, नाडी लागते ही बातमी अर्धी.

एबीआय मोजणं सोडू नका, फक्त नीट मोजा. रुग्ण दहा मिनिटं आडवा पडलेला हवा, खोली थंड नको. दोन्ही दंडांचा दाब घ्या, त्यातला जास्त तो भागाकारात खाली. घोट्यावर दोन्ही धमन्यांचे दाब हातातल्या डॉपलरने (रक्ताचा प्रवाह ऐकवणारं छोटं यंत्र) वेगवेगळे घ्या आणि वेगवेगळेच लिहून ठेवा. एबीआय काढताना त्यातला मोठा आकडा वापरतात. पण तुमच्या रुग्णाची जखम करंगळीच्या मुळाशी तळव्याकडे आहे, आणि त्या भागाला मुख्यतः घोट्यामागच्या धमनीची बाहेरची शाखा रक्त देते. पावलावरच्या धमनीचा आकडा चांगला आणि घोट्यामागचीचा वाईट असेल तर मोठा आकडा नेमकी ही गोष्ट झाकतो. ०.९ च्या खाली एबीआय आला तर धमनीचा आजार आहे, यात शंका नको. ०.९ च्या वर आला तर प्रश्न उघडाच राहतो.

डॉपलर हातात असताना आवाज ऐकायला विसरू नका; बरेच जण फक्त आकडा टिपतात आणि प्रोब ठेवून देतात. प्रोब कातडीशी साधारण ४५ ते ६० अंशांत तिरका, जेल भरपूर, दाब अजिबात नाही. निरोगी धमनीचा आवाज तीन तुकड्यांत येतो: जोराचा फटकारा, लगेच एक छोटी उलट लाट, आणि परत एक हलकी सुलट लाट. वरच्या बाजूला अडथळा असला की उलट लाट जाते, आवाज लांबट, मऊ आणि एकसुरी होतो, वाऱ्याच्या झुळकीसारखा. दाब मोजताना कॅल्शियम जितकं फसवतं तितकं ते या आवाजाच्या बाबतीत फसवत नाही. पहिले काही आठवडे स्वतःच्या आणि सहकाऱ्यांच्या पायांवर ऐकून कान तयार करावा. एबीआय १.१८ आणि आवाज एकसुरी, असं आढळलं तर मी आवाजावर विश्वास ठेवतो.

आणि आता जिथे खरा निकाल लागतो ती तपासणी, अंगठ्यावरचा दाब. बोटांच्या बारीक धमन्यांत हे कॅल्शियम तुलनेने कमी साचतं, त्यामुळे तिथला दाब जास्त खरा असतो. अंगठ्याच्या मुळाशी साधारण अडीच सेंटीमीटर रुंदीचा छोटा कफ, अंगठ्याच्या पेरावर प्रकाशाने रक्ताची हालचाल टिपणारा सेन्सर. कफ फुगवून लाटा बंद पाडायच्या, मग हळूहळू हवा सोडायची. पहिली लाट परत दिसते तो दाब. पाऊल गार असेल तर आकडा खोटा कमी येतो, म्हणून आधी पांघरूण घालून पाऊल ऊबदार करून घ्या. अंगठा नसेल तर दुसरं बोट. या दाबाला दंडाच्या दाबाने भागलं की टीबीआय मिळतो; तो ०.७ किंवा जास्त असावा. पण जखम असताना मला गुणोत्तरापेक्षा नुसता दाब जास्त कामाचा वाटतो, कारण जखमेपर्यंत पोचणारा जोर तोच आहे. ६० मिलिमीटर पारा किंवा त्याहून जास्त असेल तर रक्ताअभावी जखम अडण्याची शक्यता कमी. ३० च्या खाली असेल तर रक्तवाहिनी उघडल्याशिवाय जखम भरेल ही आशा धरू नये. असा रुग्ण तातडीने रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे गेला पाहिजे. घोट्याचा दाब ५० च्या खाली असेल तरीही तेच. मधल्या पट्ट्यात निर्णय जखमेच्या आकारावर आणि इन्फेक्शनवर ठरतो, त्याकडे पुढे येतो.

अंगठ्याचा कफ जवळ नसेल तर एक जुनी युक्ती आहे. रुग्ण आडवा, पावलावरच्या धमनीवर डॉपलर धरलेला. पाय सरळ ठेवून हळूहळू वर उचलत जा. आवाज ज्या उंचीला नाहीसा होतो ती उंची हृदयाच्या पातळीपासून मोजा. रक्ताच्या १३ सेंटीमीटर उंचीच्या स्तंभाला साधारण १० मिलिमीटर पारा एवढा दाब लागतो. म्हणजे ३९ सेंटीमीटरला आवाज गेला तर तिथला दाब ३० च्या आसपास आहे. धमनी कितीही ताठ असली तरी इथे ती दाबायचीच नसते, म्हणून ही पद्धत फसत नाही. पाय पुरता वर उचलूनही आवाज टिकला तर दाब फार खालावलेला नाही एवढंच कळतं, नेमका आकडा कळत नाही. ज्या ठिकाणी डॉपलरशिवाय काही नाही तिथे मला हिचा फार आधार वाटला आहे.

कातडीतला ऑक्सिजन मोजण्याची सोय असेल तर ती उत्तमच. ३० मिलिमीटरच्या खाली तो असेल तर जखम भरणं अवघड. मात्र सूज आणि इन्फेक्शन असलेल्या कातडीवर त्याचे आकडे विश्वासार्ह राहत नाहीत, हे लक्षात असू द्या.

आता जखम.

तीव्रता ठरवण्याआधी जखम खरी किती आहे ते दिसायला हवं. न्यूरोपॅथीच्या जखमेभोवती घट्ट्याची कड असते आणि वरून दिसणारं भोक आतल्या पोकळीच्या निम्मंही नसतं. तो घट्टा कापून काढल्याशिवाय दिलेली श्रेणी ही अंदाजाने दिलेली श्रेणी. पण इथे क्रम महत्त्वाचा आहे. रक्ताचा अंदाज घेतल्याशिवाय सुरी उचलू नका. सुकी, घट्ट चिकटलेली काळी खपली, विशेषतः टाचेवरची, जर कोरडी असेल, कडेने पू येत नसेल आणि रक्त कमी असेल, तर तिला हात लावायचा नाही. कोरडी ठेवायची आणि आधी रक्ताची व्यवस्था करायची. ती काढली की खालची पेशी उघडी पडते आणि ती भरण्याइतकं रक्त तिथे नसतं. याच्या उलट ओली, दुर्गंधी येणारी, पू साठलेली जखम असेल तर रक्तवाहिन्यांच्या तपासणीसाठी थांबणं धोक्याचं आहे. पू त्याच दिवशी बाहेर काढायचा, रक्तवाहिनी त्यानंतर लगेच.

साफ केल्यावर मोजमाप. सर्वांत जास्त लांबी, तिला काटकोनात सर्वांत जास्त रुंदी, खोली, आणि कडेखाली पोकळी कुठे किती जाते ते घड्याळाच्या काट्यांच्या भाषेत लिहा. पट्टी शेजारी ठेवून फोटो काढा. ‘जखम बरी दिसते’ ही नोंद पुढच्या भेटीत कुणाच्याही उपयोगाची नसते.

मग बोथट, निर्जंतुक धातूची सळई हलकेच आत घाला. टोकाला दगडासारखं कडक, खरखरीत लागलं तर ते हाड. इन्फेक्शनची चिन्हं असलेल्या जखमेत असं हाड लागणं म्हणजे ऑस्टिओमायलायटिस, हाडाचं इन्फेक्शन, असण्याची मोठी शक्यता. एक्स-रे काढाच, पण सुरुवातीचा एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निर्धास्त होऊ नका. हाडातला बदल एक्स-रेत उमटायला दोन-तीन आठवडे लागतात. तेवढ्या अंतराने तो परत काढून दोन्ही शेजारी ठेवून पाहावेत. ईएसआर (दाह दाखवणारी रक्ततपासणी) ७० च्या वर असेल तर हाडाची शंका बळावते. तुमच्या रुग्णाला सात आठवडे झाले आहेत आणि जखम हाडाच्या उंचवट्यावर आहे. तुमच्या वर्णनात सळईचा उल्लेख नाही. ती आजच घालून पाहा.

इन्फेक्शन हे डोळ्यांनी आणि हातांनी ठरतं, प्रयोगशाळेच्या कागदावरून नाही. सूज, अर्ध्या सेंटीमीटरहून जास्त लाली, दुखणं, स्थानिक उष्णता, पू, यांपैकी किमान दोन असतील तर इन्फेक्शन आहे. लाली जखमेच्या कडेपासून २ सेंटीमीटरच्या आत आणि फक्त कातडीपुरती असेल तर सौम्य. २ सेंटीमीटर किंवा त्याहून पुढे गेली, किंवा स्नायू, सांधा, हाड यांत शिरली तर मध्यम. त्यात अंगाचं तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या वर किंवा ३६ च्या खाली, नाडी ९० च्या वर, श्वास २० च्या वर, पांढऱ्या पेशी १२,००० च्या वर किंवा ४,००० च्या खाली, यांतल्या दोन गोष्टी जुळल्या तर तीव्र, आणि मग रुग्ण घरी जात नाही. रक्त कमी असलेल्या पायात लाली आणि सूज यांनाही रक्त लागतं, म्हणून ही चिन्हं फिकी दिसतात. ताप न येताही पाऊल आतून सडलेलं असू शकतं. साखर कारण नसताना चढली असेल तर मी पाऊल पुन्हा उघडून पाहतो.

याच ठिकाणी एक सांगायला हवं. इन्फेक्शनची दोन चिन्हं नसतील तर अँटिबायोटिक जखम भरत नाही. वरवरच्या स्वॅबमध्ये जंतू येणारच, उघड्या जखमेवर ते असतातच. त्या कागदावरून औषध बदलत राहण्यात तुमच्या रुग्णाचे किती आठवडे गेले असतील याची मला काळजी वाटते. इन्फेक्शन असेल तर साफ केलेल्या तळातून खोलवरच्या पेशींचा तुकडा कल्चरला पाठवा.

आता श्रेणीचा प्रश्न. वॅगनरची ० ते ५ ही श्रेणी सगळ्यांना पाठ असते आणि ती बोलायला सोपी आहे: ० म्हणजे अखंड पण धोक्यातली कातडी, १ वरवरची, २ स्नायूची दोरी, सांधा किंवा हाड यांपर्यंत खोल, ३ म्हणजे खोल आणि त्यात गळू किंवा हाडाचं इन्फेक्शन, ४ पुढच्या पावलाचं गँग्रीन, ५ पूर्ण पावलाचं. तिचा दोष असा, की गँग्रीन होईपर्यंत ती रक्ताबद्दल एक शब्द बोलत नाही. चांगल्या रक्ताची वॅगनर २ आणि ३० च्या खाली दाब असलेली वॅगनर २ या दोन वेगळ्या जखमा आहेत, पण कागदावर दोन्ही ‘२’ दिसतात. तुमचा रुग्ण नेमका याच फटीत अडकला आहे. टेक्सासची पद्धत यापेक्षा बरी, कारण तिथे खोलीच्या आकड्यासोबत अक्षर येतं: अ साधी, ब इन्फेक्शन, क रक्ताची कमतरता, ड दोन्ही. ड लिहिलेला कागद पाहणारा माणूस खडबडून उठतो.

मी रोजच्या कामात दोन पद्धती वापरतो. इतरांना कळवण्यासाठी सिनबॅड. जागा पुढच्या पावलाच्या मागे असेल तर १, रक्त कमी असेल तर १, संवेदना गेली असेल तर १, इन्फेक्शन असेल तर १, क्षेत्रफळ १ चौरस सेंटीमीटर किंवा जास्त असेल तर १, खोली स्नायू-दोरीपर्यंत किंवा पुढे असेल तर १. एकूण सहा, ३ किंवा जास्त असतील तर जखम रखडण्याचा आणि पाय गमावण्याचा धोका वाढतो. याला कुठलंही यंत्र लागत नाही, फोनवरही सांगता येतं. संवेदनेसाठी १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट, म्हणजे कातडीवर टेकवायचा नायलॉनचा तंतू, पुरतो.

रक्तवाहिनी उघडायची की नाही, किती लवकर, हे ठरवायला मात्र विफाय. त्यात जखम, रक्त आणि इन्फेक्शन या तिन्हींना ० ते ३ असे वेगवेगळे गुण देतात. रक्ताचे गुण अंगठ्याच्या दाबावरून असे: ६० किंवा जास्त ०, ४० ते ५९ ला १, ३० ते ३९ ला २, ३० च्या खाली ३. समजा तुमच्या रुग्णाचा दाब ३४ आला, सळई हाडाला लागली आणि लाली ३ सेंटीमीटर आहे. मग जखम २, रक्त २, इन्फेक्शन २. तोच ३४ चा दाब, पण जखम वरवरची आणि इन्फेक्शन नाही असं असतं, तर १, २, ०. दाब एकच, पण पहिल्या पायाला रक्ताची गरज खूप जास्त आहे आणि तो थांबू शकत नाही. भरणाऱ्या जखमेला निरोगी कातडीपेक्षा पुष्कळ जास्त रक्त लागतं, इन्फेक्शन ती मागणी आणखी वाढवतं. मधल्या पट्ट्यातला दाब एका पायाला पुरतो आणि दुसऱ्याला पुरत नाही, त्याचं कारण हे.

पुढच्या चित्रतपासण्यांबद्दल फार लिहीत नाही, ते रक्तवाहिन्यांचे सर्जन ठरवतात. डुप्लेक्स सोनोग्राफी पहिली, कारण त्यात डाय लागत नाही. सीटी अँजिओग्राफीत पोटरीतलं कॅल्शियम चमकतं आणि बारीक धमन्या नीट वाचता येत नाहीत. डाय देण्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) बघा, मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीबद्दल विचारा. मधुमेहात गुडघ्याखालच्या धमन्या जास्त बंद होतात, पण पावलातल्या धमन्या पुष्कळदा मोकळ्या सापडतात. म्हणून ‘मधुमेह आहे, बारीक वाहिन्याच गेल्या आहेत, काही करता येणार नाही’ हे वाक्य रुग्णाला कधीही ऐकवू नका. ते मी अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे, आणि त्यामुळे वाचू शकणारे पाय कापले गेलेले पाहिले आहेत.

वेळेचा हिशेबही तीव्रतेचाच भाग आहे. जखमेवरचा भार खरोखर काढला असेल, साफसफाई आणि साखर जागेवर असेल, तर चार आठवड्यांत क्षेत्रफळ निम्म्यावर यायला हवं. २.४ गुणिले १.८, म्हणजे साधारण ४.३ चौरस सेंटीमीटरची जखम महिन्याने २.२ च्या आसपास दिसली पाहिजे. नसेल तर आधी पादत्राण पाहा. ‘चालत नाही’ म्हणणारा रुग्ण घरात दिवसभर अनवाणी फिरत असतो. तेही ठीक असेल, तर चार ते सहा आठवड्यांनंतर बाकी आकडे कितीही चांगले असोत, रक्तवाहिन्यांची तपासणी करून घ्यावी. तुमचे सात झाले आहेत. सूज उतरावी म्हणून घट्ट पट्टी बांधायचा मोह या काळात होतो. अंगठ्याचा दाब कळेपर्यंत ती बांधू नका.

तेव्हा या रुग्णासाठी: आज दोन्ही पायांच्या दोन्ही धमन्यांचा डॉपलर ऐका, अंगठ्याचा दाब घ्या किंवा पाय उचलून उंची मोजा, घट्टा जपून काढून सळई घाला, एक्स-रे आणि ईएसआर करा, इन्फेक्शनची चिन्हं मोजून अँटिबायोटिकची गरज परत ठरवा. दाब ३० च्या खाली आला किंवा इन्फेक्शन मध्यम-तीव्र आणि रक्त कमी असं निघालं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. फोन करून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पाठवा. बाकी कुठल्याही परिस्थितीत, आवाज एकसुरी असेल तर आठवड्याच्या आत. चिठ्ठीत ‘मधुमेही पाऊल, वॅगनर २’ एवढंच लिहू नका. सिनबॅडचे सहा गुण, विफायचे तीन, अंगठ्याचा दाब, डॉपलरचा आवाज, सळई हाडाला लागली की नाही, क्रिएटिनिन, फोटो, आणि डावीकडचा १.४५ सुद्धा लिहा. त्या पायावर अजून जखम नाही, पण त्याचे धमन्यांचे आकडेही याच भेटीत घेऊन ठेवा.